दोन पदव्या कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"समाजसेवा करायला डिग्री लागते होय? आणि तीही दोन-दोन?"

परवा कोथरूडला एका मुंजीत जिलबी वाढता वाढता काकूंनी विचारलं. काकू प्रेमळ आहेत, म्हणून मी हसले. पण हाच प्रश्न मला मुलाखतींत, भाऊबिजेला आणि एकदा दाताच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसलेली असतानाही विचारला गेलाय. तेव्हा एकदाच काय ते सांगते.

नियमाचं आधी. २०२२ च्या एप्रिलमध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. त्याच वर्षी मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला आणि सोबत इग्नूतून समाजशास्त्राचं एमए. एक नियमित, एक दूरस्थ. दोन फिया, दोन परीक्षा आणि घरी चुलतभावाच्या आयटीतल्या पगाराचा उल्लेख.

'का'चं माझं एक ठेवणीतलं उत्तर आहे. महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम चालवला, आणि त्यांच्याच सूनबाई, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई, डेक्कन कॉलेजात राहून कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी करत होत्या. एकाच घरात दोन्ही नांदलं, मग माझ्या एका डोक्यात का नाही? पुण्यात हे खपतं, समोरचा मान डोलावतो. पण ती दोन वेगळी माणसं होती, हे मी बोलत नाही.

एमएसडब्ल्यूला आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असायचं. मला दांडेकर पुलाजवळची वस्ती मिळाली होती. मावशी तिथल्याच. नवरा गेलेला, मुलगा नववीत, चार घरची धुणीभांडी. पहिला महिनाभर त्या माझ्याशी दारातूनच बोलल्या. मग एक दिवस आत बोलावून चहा दिला, कपबशीतून. त्या दिवशीच्या फील्डवर्कच्या नोंदीत मी 'रॅपो प्रस्थापित झाला' असं लिहिलंय, म्हणजे विश्वासाचं नातं जुळलं. वही अजून आहे.

त्याच सुमारास माझ्या एमएच्या अभ्यासासाठी घरकामगार बायकांच्या मिळकतीची प्रश्नावली चालू होती. समाजशास्त्र वाचून डोकं तापलेलं. एकेकीची अडचण ही एकटीची नसते, हे मला तक्ते मांडून दाखवायचं होतं. मावशींनी सगळं सांगितलं. कुठल्या घरी किती, दिवाळीला कुठे साडी आणि कुठे नुसता चिवडा, भिशीचा हप्ता. महिन्याचे ६,५००. खरा आकडा मिळाला म्हणून मी खूश.

तीन आठवड्यांनी त्यांनी एक कागद पुढे केला. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. तेव्हा महिन्याला हजार-अकराशे रुपये मिळायचे, पंधराशे नंतर झाले. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० पर्यंत हवं. भागून बघा, महिन्याला १,७५०. पुण्यात एवढ्यात खोलीचं भाडंही निघत नाही. ज्या बाईचं उत्पन्न खरोखर एवढं आहे ती अर्ज करेपर्यंत जगली कशी, हेच आधी विचारायला हवं. म्हणजे त्या रकान्यात माणसं खोटं लिहिणार, हे अट घालतानाच ठरलेलं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. त्यावर मी दोन पानं लिहिली असती, संदर्भांसकट.

"ताई, उत्पन्न किती टाकायचं?"

६,५०० माझ्या पिशवीत होते. माझ्याच अक्षरात.

"मावशी, तुम्ही यात बसत नाही."

त्या बघत राहिल्या. "तुला कुणी सांगितलं माझं किती ते?" मग त्यांचं त्यांनाच आठवलं. "हां. मीच." कागदाची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि माझ्या पुढ्यातली कपबशी उचलली. चहा अर्धा होता.

त्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'अर्जदार पात्र नसल्याने प्रकरण बंद.' त्यावर बरोबरची खूण आहे.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, खोटं लिहायला मदत करायची होती का? उद्या तहसीलमधून चौकशी आली असती तर मावशीच अडकल्या असत्या. बरोबर आहे गं तुझं. पण हे तू त्यांना सांगितलंस? 'बसत नाही' म्हणालीस आणि गप्प झालीस. अट किती, ती कशी वेडगळ आहे, दुसरीकडे कुठे काही मिळेल का, एक अक्षर नाही. बीस्टेकची समाजकार्याची तत्त्वं तोंडपाठ होती ना? त्यात गोपनीयता होती. आणि प्रश्नावलीच्या माथ्यावर तूच छापून घेतलं होतंस की ही माहिती फक्त अभ्यासासाठी वापरली जाईल.

याला तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

नुसतं एमएसडब्ल्यू केलं असतं तर कदाचित मला आकडाच माहीत नसता. नुसतं समाजशास्त्र केलं असतं तर अर्ज माझ्यापुढे आला नसता, मावशी तक्त्यातली एक ओळ होऊन राहिल्या असत्या. दोन्ही एकदम केलं म्हणून घोळ झाला. दोन्ही केलं म्हणूनच तो घोळ आहे हे कळलं, असंही मी कधीकधी म्हणते, पण ते स्वतःची समजूत काढल्यासारखं वाटतं.

काकू, तुमच्या भाचीला दोन्ही करायचंय म्हणालात. करू दे. नाही केलं तरी काही अडत नाही. फक्त फील्डवर्कचं घर आणि प्रश्नावलीचं घर एक घेऊ नकोस, म्हणावं.

मागच्या मार्चमध्ये मावशींचा फोन आला. एजंटनं तीन हजार घेऊन काम केलं होतं, पैसे सुरू होते. हयातीचा दाखला द्यायचा होता, तहसीलला सोबत हवी होती. गेले. रांगेत त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. वरच उत्पन्नाचा दाखला होता, वार्षिक वीस हजार. मी पान उलटलं.

"अजून शिकतेच आहेस का गं?"

"नाही. झालं."

"मग भर की फॉर्म."