२५० ग्रॅम काकवीपायी वाया गेलेले दोन घाणे

मेझरिंग कपावर एकाच रेघेला 'मिली' आणि 'ग्रॅम' असं दोन्ही छापतात, त्याचा मला अजून राग येतो. त्या रेघेपायी माझे आल्याच्या बिस्किटांचे दोन घाणे वाया गेले.

कृती इंग्लंडमधल्या मावसबहिणीची. तिकडे सगळं ग्रॅममध्ये: मैदा, लोणी, सुंठ आणि २५० ग्रॅम गोल्डन सिरप. सिरपऐवजी घरची, गुऱ्हाळावरून आणलेली काकवी घ्यायचं मी ठरवलं. मैदा-लोणी काट्यावर तोललं. काकवी चिकट, काटा खराब होईल म्हणून ती कपात ओतली, २५० च्या रेघेपर्यंत.

बिस्किटं ट्रेभर पसरून एकमेकांना चिकटली. पुढच्या वेळी मैदा वाढवला, ओव्हनची आच कमी केली. तर वरून कडक आणि आत ओलसर. मी ओव्हनला दोष दिला, सोड्याला दिला, मैदा बदलला. काकवीवर संशय गेलाच नाही. कपावर 'ग्रॅम' असं स्पष्ट छापलेलं असताना जावा तरी कसा?

उलगडा झाला तो मधाच्या बाटलीमुळे. ५०० ग्रॅमची रिकामी बाटली धुऊन पाण्याने भरली आणि ते पाणी कपात ओतलं, तर साडेतीनशे मिलीच्या जरा वर. म्हणजे ५०० ग्रॅम मधाला जागा एवढीच लागते! कपावरची रेघ पाण्यापुरती खरी होती. १०० मिली पाणी १०० ग्रॅम भरतं. मधात साखर इतकी दाटून असते की तेवढाच मध साधारण १४० ग्रॅम भरतो. मेपल सिरप पातळ, ते १३२ च्या आसपास.

मग वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला. आधी १०० मिली पाणी तोललं, ९९ ग्रॅम भरलं. कपाच्या मिलीच्या रेघा बरोबर होत्या. वाटी पुसून तेवढीच काकवी ओतली: १३८ ग्रॅम. म्हणजे २५० मिलीत मी ३४५ ग्रॅम काकवी घालत होते, तब्बल ९५ ग्रॅम जास्त. ग्रॅमवरून मिली हवे असतील तर भागायचं: २५० भागिले १.३८, म्हणजे १८१ मिली. मिलीवरून ग्रॅम हवे असतील तर गुणायचं. तिसरा घाणा असा जमला की पहिला फोटो मी बहिणीलाच पाठवला.

माझा १.३८ मात्र जसाच्या तसा उचलू नका. काकवी गुऱ्हाळागणिक कमीजास्त दाट असते, आपल्या डब्यातली एकदा तोलून आकडा डब्यावरच लिहून ठेवा. विकत घेतानाही हे उपयोगी पडतं: एक जण लिटरने देतो, दुसरा किलोने, आणि लिटरभर काकवी किलोपेक्षा बरीच जास्त भरते. लाडवाच्या पाकाला मात्र हा हिशेब चालत नाही. उकळताना पाणी उडत राहतं, पाक दर मिनिटाला दाट होतो. तिथे तारच बघायची.

परदेशी कृतीत 'कप' असेल तर देश बघा. अमेरिकेतल्या कपात साधारण ३४० ग्रॅम मध मावतो, २५० मिलीच्या कपात ३५५. टेबलस्पून १५ मिलीचा, म्हणजे २१ ग्रॅम मध. ऑस्ट्रेलियातला मात्र २० मिलीचा असतो.

आता मी कप घेतच नाही. काकवीचा डबाच काट्यावर ठेवते, शून्य करते आणि ओतत जाते. काटा उणे २५० दाखवेल तेव्हा थांबायचं. आणि कपानेच मोजायची वेळ आली तर आधी आतून तेलाचा हात फिरवा, नाहीतर चमचाभर काकवी कपातच राहते.