पोळी गेली, भाजी राहिली

आमच्याकडे दोन गिनी पिग होत्या. गोव्यात फोंड्याला आमच्या दारात पोदेर, म्हणजे पाववाला, जी पोळी (कोंड्याचा पाव) आणतो, तिच्या रंगाची ती पोळी. मग दुसरी आपोआप भाजी झाली. नावं लेकाने ठेवलेली.

फ्रिज उघडला किंवा नुसती प्लॅस्टिकची पिशवी वाजली तरी दोघी शिट्ट्या घालायच्या. जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी सोडली, तर एकच शिट्टी आली. पोळी कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली. तवशाची, म्हणजे काकडीची, फोड नाकाशी धरली, तर पुढे आली, हुंगली, दातात धरली आणि खाली टाकली. हनुवटी ओली होती. पावसाळी हवा आहे, सकाळी बघू, असं म्हणून मी दिवा घालवला. ती रात्र मला अजून सलते. गिनी पिग आजारपण शेवटपर्यंत लपवतात, आणि खाणं बारा तास थांबलं तरी त्यांचं आतडं बंद पडू लागतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: ७६० ग्रॅम. एप्रिलमध्ये ९४० होती. मधल्या काळात वजन करायचं सुचलंच नाही. तीन ठिकाणी फोन केले, तिन्हीकडे 'आम्ही कुत्री-मांजरं बघतो' हेच उत्तर. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, लेकाचं अँटिबायोटिक सिरप दोन थेंब घाल. बाटली रिकामी होती म्हणून वाचले. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर या जनावरांच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावरही जातं, असं नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

त्या पणजी शहरात भेटल्या. बाणस्तारीच्या पुलावर गाड्या अडकलेल्या, मांडीवर खोका, खोक्यात आवाज नाही. बाईंनी तिच्या पोटावर बोटाने टिचकी मारली, तर डग्ग्यासारखं वाजलं. एक्स-रेमध्ये नुसता वायू. मग दिव्याची नळी तोंडात घालून मला दाखवलं: खालच्या दाढा दोन्हीकडून जिभेवर कलल्या होत्या. भूक होती, चावता येत नव्हतं.

यांचे दात जन्मभर वाढतात आणि सुकं गवत चावूनच झिजतात. जूनमध्ये गवताला बुरशी आली म्हणून मी ते फेकलं. नवं यायला वेळ लागला, तेवढे दिवस पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) आणि तवशी यांवर भागवलं. 'आधीही थोडं वाढलेलं असणार,' असं बाई म्हणाल्या. माझ्यासाठी म्हणाल्या असतील.

भूल देऊन दाढा घासायच्या, पण आधी अंगात ताकद यायला हवी. दुखण्याचं आणि वायूचं औषध घेऊन घरी आलो. पेलेट कोमट पाण्यात भिजवून, सुई काढलेल्या सिरिंजने, तोंडाच्या कडेने, एका वेळी एक मिली. ती गिळेपर्यंत थांबायचं, घाई केली तर श्वासनलिकेत जातं. दर दोन तासांनी हेच. रात्री वीज गेली, मोबाईलच्या उजेडात मी तिचा गळा हलतोय का बघत बसले. साडेतीनला गळा हलेना. सिरिंज बाजूला ठेवली आणि तिला नुसतं पदरात घेतलं. सव्वाचारला गेली.

बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तिला अर्धा तास भाजीजवळ ठेवलं. भाजीने कान हुंगला, दोनदा नाकाने ढोसलं, मग आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. 'उंदरांचे कसले लाड' म्हणणाऱ्या सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. परसात फणसाखाली खड्डा खणला, तर पाणी भरायचं. लेक टमरेलाने उपसत होता, मी माती लोटत होते. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चिरा ठेवला.

दोन दिवस भाजीने गवत टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी पिशवी वाजली तशी एक बारीक शिट्टी आली.

आता दर रविवारी वजन होतं आणि लेक आकडा कॅलेंडरवर लिहितो. परवा ८८० होतं. गेल्या खेपेपेक्षा दहा ग्रॅम कमी, म्हणून त्याने मला चार वेळा काटा तपासायला लावला.