मॉन्टे कार्लोचा कॅसिनो आणि दाजींचा हिशेब

दक्षिण फ्रान्समधल्या नीसचा समुद्र, जुनं गाव, बाजार, सगळं छान होतं. पण मला लिहायचंय ते मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोतल्या एका पाटीबद्दल, कारण तिच्यावरून माझं आणि दाजींचं वाजलं.

मॉन्टे कार्लो हा मोनाको या चिमुकल्या संस्थानाचा भाग; नीसहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. कॅसिनोसमोर महागड्या मोटारींचे फोटो काढणाऱ्यांची ही झुंबड! आत शिरल्यावर मात्र नुसती झुंबरं, सोनेरी नक्षी आणि दबक्या आवाजात हरणारी माणसं.

रूलेट म्हणजे फिरत्या चाकात गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. चाकात ३७ घरं. १ ते ३६ निम्मे लाल, निम्मे काळे, आणि एक हिरवं शून्य. क्रूपिए, म्हणजे खेळ चालवणारा कॅसिनोचा माणूस, चाक एकीकडे फिरवतो, गोळी उलट दिशेने सोडतो, आणि ती मंदावली की पैसे लावणं बंद. नेमक्या आकड्यावर लावलेत आणि तोच आला, तर लावलेले परत आणि वर ३५ पट मिळतात. घरं मात्र ३७! कॅसिनोचं पोट या फटीवर भरतं: लावलेल्या दर १०० युरोंमागे सरासरी २ युरो ७० सेंट.

पूर्वी ही फट मोठी होती. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या पॅले-रॉयालमधल्या अड्ड्यांत हे चाक फिरायचं तेव्हा त्यात शून्य आणि दुहेरी शून्य, दोन्ही असायची. (फ्रेंच गणितज्ञ पास्कलने कायम फिरत राहणारं यंत्र करता करता हे चाक शोधलं, ही कथा ऐकायला गोड आहे, इतकंच.) फ्रान्समध्ये जुगारघरं बंद झाल्यावर ब्लाँ बंधू या कॅसिनोवाल्या भावांनी जर्मनीतल्या होम्बुर्गला बस्तान बसवलं आणि एक शून्य काढून टाकलं. नफा कमी, गिऱ्हाईक जास्त. पक्के व्यापारी! त्यातला फ्रांस्वा १८६३ मध्ये मोनाकोत आला. कॅसिनोच्या जिवावर संस्थानाने १८६९ मध्ये प्रजेचा प्राप्तिकरच माफ केला. त्या प्रजेला इथे खेळायला मात्र मनाई. शहाणा राजा.

तर ती पाटी. टेबलाशेजारी नुकतेच आलेले आकडे झळकत असतात. जुगारघर आपणहून, फुकट माहिती देतं, एवढ्यावरूनच माणसाने सावध व्हावं की नाही? आमचे दाजी निवृत्त बँक अधिकारी, आयुष्यभर लोकांची कर्जं नाकारलेली. ते पाटीकडे बघून म्हणाले, "लाल लागोपाठ आलंय. आता काळं येणारच."

"दाजी, १९१३ च्या ऑगस्टमध्ये इथेच काळं लागोपाठ २६ वेळा आलं होतं. आता लाल येणारच म्हणत लोक पैसे वाढवत गेले आणि बुडाले. गोळीला मागचं काय ठाऊक?"

"मग सत्ताविसाव्या वेळी लाल आलंच ना?"

यावर काय बोलणार! दाजींनी वीस युरो काळ्यावर ठेवले. आणि काळंच आलं.

परतीच्या गाडीत त्यांनी मला संभाव्यताशास्त्र शिकवलं. नीस येईपर्यंत.