उन्नत स्टेशन, १:८७ – जिन्यांपर्यंत आलो

माझ्या मेट्रो स्टेशनच्या मॉडेलचा (खऱ्याच्या ८७ पट लहान) व्हायाडक्ट, म्हणजे खांबांवरचा उंच पूल, उभा राहिला, वरचे रूळही बसले. हे इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरचं स्टेशन नाही, हे आधीच सांगतो. ३१ मे २०२५ ला तिथे गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर-३ अशी मेट्रोची पाच स्टेशनं सुरू झाली, रूप त्यांचंच घेतलंय. पण मला मेट्रो, ब्रॉडगेज आणि सिटी बस एकाच पाटावर हवी होती, म्हणून जागा काल्पनिक.

मेट्रो स्टँडर्ड गेजची, म्हणजे दोन रुळांत १४३५ मिमी अंतर. ८७ ने भागलं की साडेसोळा मिमी, म्हणजे बाजारातला एचओ (१:८७ मॉडेलचा) ट्रॅक जसाच्या तसा चालतो. ब्रॉडगेज मात्र १९.३ येतं. आपण देशी इंजिनंही साडेसोळावर पळवतो आणि एरवी ते खपून जातं. इथे दोन्ही एका नजरेत येतात, मग फरक लपत नाही. म्हणून खालची लाइन हातानं टाकली. तिच्यावर मालगाडीचे डबे नुसते उभे राहतील.

इंदूर मेट्रोला वीज ७५० व्होल्टच्या थर्ड रेलमधून (रुळांशेजारच्या वीजवाहक पट्टीतून) मिळते, त्यामुळे वर तारांचं जंजाळ नाही. सुटलो! फलाट दोन्ही बाजूंना धरलेत, म्हणून थर्ड रेल फलाटापासून लांब, दोन मार्गांच्या मधल्या बाजूला लावली.

खरा घाम काढला जिन्यानं. रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळे सोडले की कॉन्कोर्सची (फलाटाखालच्या मजल्याची) फरशी सात मीटरवर जाते, म्हणजे मॉडेलमध्ये ८० मिमी. पायरी दीडशे मिमीची धरली तर १.७ मिमी, दीडच्या कार्डावर ड्रॉइंग पेपर चिकटवून ती जमवली. अशा सत्तेचाळीस पायऱ्या, मध्ये दोन चौक. सगळं मिळून लांबी होते जवळजवळ वीस सेंटीमीटर, आणि फलाट आहे ऐंशी सेंटीमीटरचा! बाबा येऊन बघून गेले, म्हणाले, ‘‘स्टेशन छान झालंय रे, पण माणसानं उतरायचं कुठं?’’ मुद्दा तोच होता. शेवटी जिना रस्त्याला समांतर फिरवला आणि त्याचं तोंड बस थांब्याकडे केलं. बारा मीटरची बस १३८ मिमी घेते, तेवढा फुटपाथ आत ढकलला.

ब्रॉडगेजकडून कॉन्कोर्सला जोडणारा पादचारी पूल त्या मानानं सरळ गेला. ओव्हरहेड वायर ६३ मिमीवर, तिच्यावर जागा सोडून पुलाचा तळ ७२ वर, आणि फरशी बरोबर कॉन्कोर्सच्या पातळीला. बॅगा घेऊन मेट्रोकडे येणाऱ्याला पुन्हा चढ-उतार नाही. प्रत्यक्षात असं किती ठिकाणी मिळतं, तुम्हीच सांगा.

जेल रोडवरून वॉर्म एलईडी आणलेत. वायरिंग पोकळ खांबांतून नेणार. लिफ्टच्या काचेचं मात्र अडलंय. ओएचपी शीट (पातळ पारदर्शक प्लास्टिक) वाकते, दोन मिमी अॅक्रिलिक फारच जाड दिसतं. कोणी तिसरं काही वापरलं असेल तर दुकानासकट सांगा.