वजनकाटा, पाट आणि रविवारची सकाळ

१२ जानेवारी, रात्री

जानेवारीतले व्यायामाचे संकल्प बहुधा आकड्यांत बोलतात. दहा किलो कमी, रोज दहा हजार पावलं, पंचवीस सूर्यनमस्कार. आकडा असायला हरकत नाही. पण त्यातला दहा हजार हा आकडा १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला. तुमचे गुडघे आणि तुमचं घर बघून तो कुणी ठरवलेला नाही. म्हणून वहीत आकड्याच्या आधी एक ओळ यायला हवी : हे शरीर नक्की कशासाठी हवंय?

‘तब्येतीसाठी’ हे उत्तर फारच ढोबळ. उत्तरात जागा, माणूस किंवा एखादी कृती दिसली पाहिजे. पंगतीत मांडी घालून बसायचंय. नातीला कडेवर घेऊन दोन मजले चढायचेत. आषाढात पालखीबरोबर चालायचंय. ‘लग्नात बारीक दिसायचंय’ असं असेल तर तेही सरळ लिहावं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? फक्त लग्न उरकल्यावर पुढं काय, ते आधीच ठरवावं. आणि लिहिलेलं उत्तर खरं की शोभेचं, हे गेल्या महिन्यातले रविवार कुठं गेले ते आठवलं की कळतं.

समजा, उत्तर पंगतीचं आहे. मग वजनकाट्याचं काम दुय्यम. पाच किलो उतरले आणि तरीही उठताना हात टेकावा लागत असेल, तर गाडी तसूभरही पुढं सरकलेली नाही. उपाशी राहून उतरवले असतील तर त्यात मांडीचे स्नायूही झिजलेले असतात, म्हणजे उठणं उलट जड.

इथं मोजायची गोष्ट वेगळी. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ गिल अराउजो यांच्या नावाने ओळखली जाणारी एक साधी कसोटी आहे. अनवाणी उभं राहायचं, जमिनीवर बसायचं आणि परत उठायचं. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात, कोपर किंवा गुडघा टेकला, अगदी मांडीवर हात रेटला तरी दर आधाराला एक गुण वजा. तोल डळमळला तर अर्धा. पहिल्यांदा करताना शेजारी कुणीतरी उभं असावं. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

गुण कमी पडले की नेमकं काय कमी आहे ते शोधायचं. घोटा, खुबा आणि मांडी, दोष बहुतेकदा या तिघांतच. घोट्यासाठी भिंतीकडे तोंड करून पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का पाहावं. लागत नसेल तर घोटा आखडलाय. कितीही बैठका मारल्या तरी टाच उचलली जाणारच. खुब्याची परीक्षा मांडी घातल्यावर होते. गुडघे छातीकडे वर येत असतील आणि पाठीला पोक येत असेल तर खुबा आखडलेला. अशा वेळी चार बोटं उंचीच्या घडीवर बसून रोज पाचेक मिनिटं काढावीत आणि घडी हळूहळू पातळ करावी. गुडघे हाताने दाबून खाली नेऊ नयेत. खुबा वळत नसला की तो पीळ गुडघ्यावर येतो.

ताकदीसाठी खुर्ची पुरते. साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची, न हलणारी, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर, तीन-चार सेकंद घेत बसायचं, श्वास सोडत उठायचं. ८ ते १० वेळा, असे ३ फेरे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. शेवटच्या दोन बैठका सहज जमायला लागल्या की उंची उतरवायची. आधी स्टूल, मग चौरंग, मग एकावर एक ठेवलेले दोन पाट, शेवटी एकच. पाट घसरू नयेत म्हणून खाली ओलसर कापड अंथरावं. चूक जवळजवळ नेहमी शेवटच्या वीतभर अंतरात होते. माणूस तिथं ताबा सोडतो आणि धपकन बसतो. ताकद हवी असते नेमकी तिथंच, त्यामुळे तसं झालं तर उंची पुन्हा एक पायरी वाढवावी. गुडघे आत वळत असतील तरी तेच. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब चढतो, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विशेष ध्यानात ठेवावं.

वहीत मग किलो नकोत. तारीख, बैठकीची उंची, किती वेळा, हात टेकला का, एवढं पुरे.

पालखीचं उत्तर असेल तर गणित निराळं. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा साधारण तीस किलोमीटरचा. तिथं एका दिवसाच्या दमापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालता येणं महत्त्वाचं, म्हणून शनिवार-रविवार असं लागोपाठ चालावं आणि अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवावं. चैत्रात तरी सुरुवात हवी. नवे बूट प्रस्थानाच्या आठवड्यात घेतले तर फोड ठरलेलेच.

आता राहिलं अवघड प्रकरण. लक्ष्य ज्या माणसांसाठी घेतलं, त्यांच्याच वेळेवर ते डल्ला मारतं. ‘मुलांसाठी फिट राहायचंय’ म्हणून हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू होते. २१ किलोमीटरची तयारी म्हणजे तीनेक महिने दर रविवारी लांब पल्ला. धावणं दोन-अडीच तास, जाणं-येणं, अंघोळ, नंतरची झोप. मुलांना बाप मोकळा मिळण्याची आठवड्यातली एकमेव सकाळ त्यात जाते. शिस्तीचं कौतुक होतं, त्यामुळे ही खोट कुणी दाखवतही नाही. माझं मत विचाराल तर मुलं लहान असेपर्यंत १० किलोमीटर भरपूर. लांब पल्ला बुधवारी पहाटे तासाभरात उरकतो आणि रविवारी त्यांच्याबरोबर टेकडी चढता येते. त्यांच्या चालीने, वाटेत थांबत. तेवढ्याने दम लागत नाही असं वाटलं तर धाकट्याला खांद्यावर घ्यावं.