मेलबर्नचा लॉकडाऊन आणि आजीचा हरिपाठ

२०२० च्या आषाढी एकादशीला, म्हणजे १ जुलैला, रात्री बाराच्या ठोक्याला आमच्या भागात लॉकडाऊन लागला. मेलबर्नमधल्या दहाच पोस्टकोडना तो आधी लावला होता आणि त्यात आमचा ३०१२, वेस्ट फूटस्क्रे, होता. इथे आपली माणसं भरपूर, बार्कली स्ट्रीटवर डोसा काय किराणा काय सगळं मिळतं, पण मी एकटी राहायचे आणि ऑफिस घरूनच चालू, त्यामुळे दिवसभरात माणसाचा आवाज म्हणजे फक्त मीटिंगमधला. ऑगस्टमध्ये तर स्टेज फोर, रात्री आठ ते पहाटे पाच कर्फ्यू, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, फिरायला दिवसातून एक तास.

तिकडे पुण्यात वेगळंच दुःख चालू होतं. दरवर्षी दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, आणि आमची आजी लक्ष्मी रोडला दर्शनाला जाणार म्हणजे जाणारच. त्या वर्षी वारी पायी निघालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. आजीने टीव्हीवर ते ऐकलं आणि मला फोनवर म्हणाली, "माउली एसटीने गेली गं, पण गेली."

ऐकलं म्हणतेय कारण तिला तेव्हा नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललेलं. रोज दिवेलागणीला वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येऊन हरिपाठ वाचायच्या, ते येणं-जाणंही बंद. आईला वाचता आलं असतं की, पण आजीने फर्मान सोडलं, आता नातीने वाचायचं. झालं, तिकडचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे इथले रात्रीचे अकरा, रोज कॉल. आईने आजीच्या पोथीच्या पानांचे फोटो पाठवले होते, कडेला हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, मी ते मोठे करून करून वाचायचे. कॉलवर आवाज मागे-पुढे व्हायचा, दोघी एकदम म्हणायला गेलो की नुसता गोंधळ, मग आजीने ठरवलं एक अभंग तुझा एक माझा. तिच्या पाळीला ती डोळे मिटून न अडखळता म्हणायची आणि मी कुठे अडले की लगेच पुढचा शब्द द्यायची. तिला सगळा हरिपाठ पाठ होता! वाचणारं माणूस तिला नकोच होतं, मला रोज रात्री कोणीतरी हाक मारायला हवी होती हे तिने बरोबर ओळखलं होतं.

मी पुण्यात असताना देवाधर्माचं फार काही करणारी नव्हते. आणि तेव्हाही सगळा अर्थ कळायचा असं नाही. पण हळूहळू कॉल संपल्यावरही मी तशीच बसून राहायला लागले, नाव घ्यायला लागले, आणि घरात मी एकटी आहे असं वाटेनासं झालं. याच्यापेक्षा नीट मला सांगता येत नाही, पण ते खरं आहे आणि अजून आहे.

याच काळात मराठी ग्रुपवर एक सोलापूरची मुलगी भेटली, जवळच ब्रेब्रुकला राहणारी, तीही एकटी. तिचे वडील वारकरी, त्यांची वारी पहिल्यांदा चुकली होती. दोघींना मिळून चालायची परवानगी होती, तर तो एक तास आम्ही मॅरिबिर्नाँग नदीच्या काठाने मास्क लावून चालायचो आणि ती मला अभंगांच्या चाली शिकवायची, एकदम खणखणीत आवाजात, लोक वळून बघायचे. २२ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा एकमेकींच्या घरी जायची सोय नव्हती, तिने डब्यातून उकडीचे मोदक आणले आणि नदीवरच्या बाकावर आम्ही ते खाल्ले. त्या वर्षी पुण्यात मानाच्या गणपतींचंही विसर्जन मांडवातच झालं, आणि माझा मातीचा बाप्पा बादलीत.

सप्टेंबरमध्ये सरकारने एकट्या राहणाऱ्यांना एक माणूस घरी बोलवायची मुभा दिली, त्याला सिंगल बबल म्हणायचे. आम्ही एकमेकींची नावं ठरवली. ती पहिल्यांदा घरात आली तेव्हा दारातच मिठी मारून दोघी रडलो, कितीतरी दिवसांनी कोणाचा तरी हात पाठीवर पडला होता. महिनाअखेरीला कर्फ्यू उठला आणि मग ती हरिपाठाला थांबायला लागली.

आजीचं ऑपरेशन झालं, आता तिला छान दिसतं. मैत्रीण ब्रिस्बेनला गेली, तिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे बारा वाजतात तेव्हा तिच्याकडे अकरा. पाळी आता तिघींत लागते आणि आजीला तिची चाल माझ्यापेक्षा जास्त आवडते, मला स्पष्ट सांगितलंय तिने.