डिसेंबरचं ऊन मोजून घेतलेलं घर

नोव्हेंबर लागला की हे बोलेनासे होतात. राग नाही, रुसवा नाही, नुसते गप्प. एडिंबरात डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो, आणि दिवसभर जो काही असतो तोही बहुतेक वेळा ढगाआड. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी उजेडाचा दिवा सुचवला. हे रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसायचे. थोडा गुण आलाही. पण मार्चमध्ये एका दुपारी लख्ख ऊन पडलं आणि हे आपणहून स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अगं, चहा टाकू का?" चार महिन्यांत पहिल्यांदा. पुढचा हिवाळा उन्हात काढायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

जागा ठरायला वेळ लागला नाही. स्पेनचा दक्षिण किनारा, मालागाच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवरचं नेर्खा. पाठीशी आल्मिहाराचे डोंगर, समोर भूमध्य समुद्र. जानेवारीत दुपारचं तापमान सोळा-सतरा अंशांपर्यंत जातं. एडिंबराहून मालागाला थेट विमान आहे आणि तिथून पुढे बस. गाव छोटं आहे, गाडी लागत नाही.

घर शोधणं मात्र सोपं नव्हतं. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, स्पॅनिश दोघांनाही येत नाही, त्यामुळे सुरुवातीला सगळं फोटोंवर चाललं. ऑगस्टमध्ये एक फ्लॅट फारच आवडला. समुद्राला लागून गच्ची आणि भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी. मालक म्हणाला, मी कामासाठी दुसऱ्या देशात आहे, तीन महिन्यांचं भाडं आणि अनामत भरा, किल्ली कुरियरने पाठवतो. मी पैसे पाठवायला बसलेही होते. ह्यांनी खाते क्रमांक बघितला आणि म्हणाले, "स्पेनचं खातं ईएस अक्षरांनी सुरू होतं. हे वेगळ्याच देशाचं दिसतंय." तेवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही, म्हणून आम्ही मालमत्ता नोंदणी कार्यालयातून त्या घराची 'नोता सिंप्ले' ऑनलाइन मागवली. हा साधारण आपल्याकडच्या मिळकत-उताऱ्यासारखा कागद. फी नऊ युरो आणि वर कर. त्यात मालक म्हणून भलत्याच व्यक्तीचं नाव होतं. आमच्या 'मालकाला' तसं कळवल्यावर पुन्हा उत्तर आलं नाही. नऊ युरोंनी आमचे चार हजार वाचवले. तिथे घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते: पैसे पाठवायच्या आधी हा कागद बघा.

या प्रकाराने आम्ही सावध झालो आणि सप्टेंबरमध्ये पाच दिवस नेर्खाला जाऊन घरं प्रत्यक्ष बघायची ठरवली. २० ते २४ सप्टेंबर. या पाच दिवसांची किंमत पुढे वेगळ्याच हिशोबात मोजावी लागली, ते येईलच.

एजंटने सहा घरं दाखवली. तिसरं घर मला इतकं आवडलं की बाकीची बघायची इच्छाच उरली नाही. जुन्या वस्तीतली गल्ली, पहिला मजला, छोटी बाल्कनी, बाल्कनीच्या टोकाला उभं राहिलं की समुद्राची निळी पट्टी. दुपारचे दोन वाजले होते आणि बाल्कनीच्या फरशीवर ऊन पसरलं होतं. मी एजंटला हो म्हणणार, एवढ्यात ह्यांनी खिशातून वही काढली.

ह्यांनी आयुष्यभर पुलांची कामं केली. मोजमाप हाताशी असलं की माणूस बदलतो. त्यांनी समोरच्या इमारतीचे मजले मोजले, गल्लीची रुंदी पावलांनी मोजली आणि मला कागदावर काढून दाखवलं. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात दिवस-रात्र सारखे असतात आणि या अक्षांशावर सूर्य दुपारी सर्वांत उंच असताना क्षितिजापासून सुमारे ५३ अंश वर असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच जेमतेम ३० अंशांवर येतो. समोरची इमारत बाल्कनीपेक्षा साधारण ९ मीटर उंच, मधलं अंतर १० मीटर. सप्टेंबरमध्ये तिची सावली सात मीटरांपर्यंत येते, म्हणून बाल्कनीत ऊन. डिसेंबरमध्ये ती पंधरा मीटरांच्या पुढे जाणार. म्हणजे ज्या उन्हासाठी आपण एवढ्या लांब येणार, ते नेमकं त्या महिन्यात या घरात शिरणारच नाही.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दुपारी हे सलग अर्धा तास माझ्याशी बोलत होते, आणि तेही सप्टेंबरअखेर, जेव्हा त्यांचं मन मिटायला लागतं. मी ती वही अजून ठेवली आहे.

त्यानंतर आम्ही समुद्र दिसतो का हे विचारायचं सोडलं आणि प्रत्येक घरात होकायंत्र धरलं. शेवटी मिळालेलं घर बुर्रियाना किनाऱ्याच्या वरच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर आहे. बैठकीची खोली थेट दक्षिणेला, पुढे उतार असल्यामुळे आड काही नाही. स्वयंपाकघर जुनं, सोफा टणक, लिफ्टपर्यंत पोचायला अठरा पायऱ्या. पण ऊन सकाळी साडेनऊला आत येतं आणि पाचपर्यंत हलत नाही.

(याच फेरीत बाजारात ढिगाने आंबे बघितले. नेर्खाच्या आसपासच्या डोंगरउतारांवर आंबा आणि अव्होकाडोच्या बागा आहेत. ओस्टीन नावाचा लालसर आंबा. चवीची तुलना मी करणार नाही, पण युरोपात झाडावर पिकलेला आंबा हातात धरल्यावर डोळ्यांत पाणी आलं.)

आता दिवसांचा हिशोब. आम्ही दोघं ब्रिटिश पासपोर्टवर आहोत, म्हणजे शेंगेन देशांत (आपापसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणारा युरोपातल्या देशांचा गट, स्पेन त्यातच) कुठल्याही दिवसापासून मागे मोजलेल्या १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. मी २० नोव्हेंबर ते १९ फेब्रुवारी असं सरळ तीन महिन्यांचं गणित धरलं होतं. ते भरतात ९२. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, आणि इथे दोन दिवसांचा फरकसुद्धा दंडाला किंवा प्रवेशबंदीला कारण होऊ शकतो. शिवाय घर बघायला गेलेले सप्टेंबरचे पाच दिवसही त्याच १८० दिवसांच्या खिडकीत येत होते. म्हणजे आमच्या हातात ८५ उरले, १२ फेब्रुवारीपर्यंत. विमान रद्द झालं तर दोन दिवस हाताशी असावेत म्हणून आम्ही परतीचं तिकीट १० फेब्रुवारीचं काढलं. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो आणि व्हिसाच्या चिकटपत्रावर जेवढे दिवस लिहिलेले असतात तेवढेच खरे. ९० पेक्षा जास्त राहायचं असेल तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. घराच्या करारावर सही करण्याआधी हा हिशोब करा. आम्ही आधी तारखा मालकीणबाईंना सांगितल्या आणि मग मोजलं. त्यांनी तीन महिन्यांचं भाडं ठरलं होतं तसंच घेतलं. चूक आमचीच होती.

भाडं महिन्याला ९५० युरो ठरलं. कराराचा मसुदा आला तेव्हा अनामत दोन महिन्यांची लिहिली होती, १९०० युरो. आम्हाला वाटलं, परके बघून जास्त मागतात. ओळखीच्या एका स्पॅनिश शिक्षिकेने समजावलं, तेव्हा कळलं की हे कायद्यातच आहे. स्पेनचा १९९४ चा भाडेकायदा कायमच्या राहत्या घरासाठी एक महिन्याची अनामत सांगतो आणि इतर वापरासाठी दोन महिन्यांची. ठरावीक हंगामापुरतं राहणं या दुसऱ्या प्रकारात येतं. त्याला तिथे 'तेंपोरादा'चा करार म्हणतात. नेर्खा ज्या आन्दालुसिया प्रदेशात येतं, तिथे सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त दिवस एकच भाडेकरू राहणार असेल, तर ते घर पर्यटकांच्या घरांच्या नियमांत बसत नाही, म्हणून आमचा करार तेंपोरादाचाच असायला हवा होता. त्यात आमचं कायमचं घर एडिंबरात आहे आणि आम्ही फक्त हिवाळ्यासाठी येत आहोत, हे स्पष्ट लिहून घेतलं. एजंटची फी मात्र आम्हाला भरावी लागली. २०२३ च्या कायद्याने ती मालकावर टाकली आहे, पण राहत्या घरांसाठीच.

दोन कलमं आम्ही मागून घातली. एक विजेचं: महिन्याला ६० युरोंपर्यंतची वीज भाड्यात, वरची मीटरप्रमाणे, आणि मीटरचा फोटो पहिल्या आणि शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून काढायचा. दुसरं सामानाच्या यादीचं, प्रत्येक खोलीच्या फोटोंसह. मालकीणबाई सत्तरीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी यादीत वाट्या आणि चमचेसुद्धा मोजून लिहिले. मला ते फार बरं वाटलं.

निघण्याआधी इकडची कामंही होती. आमच्या वार्षिक प्रवास विम्यात एका प्रवासाची मर्यादा ३१ दिवस होती, म्हणून दीर्घ मुक्कामाचा वेगळा विमा काढला. घराच्या विम्यातही अट होती की घर ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर पाण्याच्या नुकसानीची भरपाई नाही. शेजारीणबाई दर आठवड्याला डोकावायला तयार झाल्या, विमा कंपनीला तसं लेखी कळवलं आणि पाणी मुख्य तोटीवर बंद केलं. तीन महिन्यांची औषधं, त्यांच्या चिठ्ठ्या आणि स्पेनच्या सरकारी दवाखान्यात चालणारं ब्रिटिश आरोग्य कार्ड हातातल्या पिशवीत.

२० नोव्हेंबरला संध्याकाळी पोचलो. बाहेर हवा छान होती, घरात मात्र बाहेरपेक्षा जास्त थंडी. या किनाऱ्यावरची बरीच घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत: फरशीची जमीन, पातळ भिंती, मध्यवर्ती हीटिंग नाही. मी हीटर लावला, पाणी तापवायचा बंब लावला आणि स्वयंपाकाला विजेची शेगडी सुरू केली. सगळं घर अंधारात. ह्यांनी फ्यूजचा डबा उघडला, काही उडालेलं नव्हतं. मालकीणबाईंना फोन केला तेव्हा कळलं, घराचा वीजभार करारानेच ३.४५ किलोवॉट आहे. त्याच्या वर गेलं की मीटर स्वतःच पुरवठा तोडतो. यंत्रं बंद करायची, मुख्य स्विच खाली-वर करायचा, थोडं थांबायचं. मग ह्यांनी प्रत्येक यंत्रामागची पाटी वाचून वॅट लिहिले आणि फ्रिजवर कागद लावला: कशाबरोबर काय चालतं. घर बघताना 'वीजभार किती आहे' हा प्रश्न मी विचारला नव्हता. आता सगळ्यांना तो विचारायला सांगते. गरम हवा देणारा एसी असेल तर साध्या हीटरपेक्षा तो खूप कमी विजेत खोली तापवतो, तेही विचारा.

डिसेंबरच्या सुरुवातीला आठवडाभर पूर्वेचा वारा आणि पाऊस होता. कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले, अंथरुणाला ओलसर वास. मालकीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी हवेतली ओल शोषणारं यंत्र आणून दिलं. रोज त्याची टाकी भरायची. तिच्यातलं पाणी बघून मला धक्का बसायचा, आपण हेच अंगावर घेऊन झोपत होतो. वरच्या मजल्यावर जानेवारीभर फरशा फोडण्याचं काम चालू होतं. हिवाळ्यात घरं रिकामी असतात म्हणून दुरुस्त्या तेव्हाच निघतात. त्या दिवसांत आम्ही सकाळीच बाहेर पडायचो, चालत बाल्कोन दे यूरोपापर्यंत. समुद्रावर पुढे आलेल्या कड्यावरचा तो सज्जा. १८८४ च्या नाताळातल्या भूकंपानंतर राजा आल्फोन्सो बारावा इथे आला होता. त्याचा पुतळा कठड्याला टेकून उभा आहे, तिथेच हे थांबायचे आणि समुद्राकडे बघत काहीतरी सांगायचे. कधी पुलांचं, कधी लहानपणचं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यातलं कितीतरी मी पहिल्यांदा ऐकलं.

२१ डिसेंबरला दुपारी ह्यांनी मला हाक मारली. ऊन खिडकीतून सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. सूर्य इतका खाली असतो की दक्षिणेच्या खोलीत ते खोलवर शिरतं. ह्यांनी भिंतीवर जिथे उजेड संपत होता तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारली. निघायच्या आदल्या दिवशी मी ती खोडरबराने पुसली, यादीत डाग नको म्हणून.

१० फेब्रुवारीला मालकीणबाई आल्या, वाट्या मोजल्या, मीटरचा फोटो काढला. वीज जास्तीची ७४ युरो निघाली. किल्ली दिल्यापासून महिन्याच्या आत अनामत परत आली नाही तर पुढच्या दिवसांचं व्याज द्यावं लागतं, असं कायदा सांगतो. आम्हाला ते काढावं लागलं नाही. ४ मार्चला ७४ वजा जाता सगळे पैसे खात्यात आले.

त्या संध्याकाळी एडिंबरात पाऊस होता. हे कॅलेंडर घेऊन बसले होते. "९ ऑगस्टला आपले सगळे जुने दिवस खिडकीबाहेर जातात," ते म्हणाले. "आणि या वेळी घर बघायला जायचं नाहीये. म्हणजे १७ फेब्रुवारीपर्यंत राहता येईल. बाईंना विचारतेस का?"